संगवारी मागून येतेय

१

बाई रस्ता देऊन बाजूला झाली, इथपर्यंत सगळं नेहमीसारखंच होतं.

नहराच्या काठानं जाणारा तो मुरमाचा रस्ता जेमतेम एका बैलगाडीपुरता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला द्राक्षबागेचं तारेचं कुंपण. समोरून कोणी आलं की दोघांतल्या एकानं थांबायचंच. त्या दुपारी डोक्यावर जळणाचा भारा घेतलेली एक बाई समोरून आली. उन्नतीनं लांबूनच घंटी वाजवली. बाई कुंपणाकडे सरकली, आणि तिच्या पदराला हँडल लागू नये म्हणून श्वास धरून उन्नती शेजारून पुढं निघून गेली.

हँडलला तिनं एक वाटोळा आरसा बसवून घेतला होता. सिव्हिक सेंटरच्या दुकानदारानं विचारलंही होतं, मॅडम, सायकलला आरसा कशाला. मागून काय येतंय ते कळल्याशिवाय आपल्याला पुढं बघता येत नाही, हे त्याला काय सांगणार. ती नुसती हसली होती.

त्या आरशात बाई अजून कुंपणाला टेकूनच उभी होती. भारा डोक्यावर तसाच, एक हात वर. रस्ता तर मोकळा झाला होता. एवढं ओझं घेऊन कोणी उगाच उभं राहत नाही. ती नहराच्या वळणाकडे बघत होती, जिथून उन्नती आत्ताच आली होती. मग तिची मान हळूहळू वळू लागली, एखादी सायकल अगदी जवळून जाताना वळते तशी, आणि आरशात तिचा चेहरा दिसला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. वाट दिल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच.

मग ती रस्त्यावर आली आणि चालू लागली.

तिच्या आणि उन्नतीच्या मध्ये रस्ता रिकामा होता. मुरूम, ऊन, आणि उन्नतीच्याच चाकांची एक रेघ.

पुढं गेल्यावर उन्नतीनं स्वतःला समजावलं. पाण्यात बगळा असेल. बाई दम खात असेल. तुला काय, तू शेजारच्या क्वार्टरमधल्या कुकरच्या शिटीलाही दचकतेस. हे खरंच होतं. ती दचकायची आणि मग दचकल्याबद्दल स्वतःलाच रागवायची, आणि त्या रागावण्यात मूळची गोष्ट बरेचदा विसरून जायची.

ही मात्र विसरली नाही.

२

काम तसं सोपं होतं. भिलाईबाहेर, नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणी ओलांडून धमध्याच्या अंगाला गेलं की गेल्या काही वर्षांत द्राक्षबागा उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या एका मोठ्या बागेच्या मालकानं, अरुणकुमार नावाच्या गृहस्थानं, बागेतच छोटी वायनरी टाकली होती. शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी यावीत, बागांमधून सायकली फिरवाव्यात, सावलीत बसून वाइन चाखावी, अशी त्यांची कल्पना. सायकलीचा भाग त्यांनी पीयूषवर सोपवला होता. पीयूष दुर्ग शहरातल्या मोहन नगरचा, रेल्वेवाल्यांच्या घरातला, हुशार आणि बोलघेवडा. त्यानं रस्ते शोधायला दोन मुली ठेवल्या. उन्नती आणि समीक्षा.

"मले रूट दोनच गोष्टीचा पाहिजे," तो म्हणाला होता. "शांत आन् सेफ. वाइन तं ते पाजतीनच, पण लोकायले सीधं घरी पोचवणं आपल्यावर हाय."

त्यामुळं डंपरचा रस्ता नको, भटक्या कुत्र्यांची वस्ती नको, दारूच्या भट्टीजवळून नको. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी थांबायचं, डोळे मिटून ऐकायचं, किती गाड्या गेल्या, कोण ओरडलं, आणि पीयूषला कळवायचं.

"आन् एकटी जायचं नाई," हा त्याचा दुसरा नियम. "जोडीनं. एक पडली तं दुसरी फोन तं करन. एकटी गेलेली मले समजलं ना, तं ते काम तिथंच बंद."

पहिले काही दिवस जोडी होती. दोघींनी एकाच दुकानातून एकाच छापाचे निळे स्कार्फ घेतले. भिलाईत कोणतीही मुलगी दुचाकीवर बसली की स्कार्फानं तोंड बांधणारच, डोळे तेवढे उघडे. निळ्या स्कार्फातून समीक्षा सतत बोलत असायची आणि उन्नतीला दचकायला सवडच मिळायची नाही. मग एका सोमवारी समीक्षा आलीच नाही. फोन उचलला नाही. दोन दिवसांनी तिच्या स्टेटसवर गोंदियातल्या कोणाच्या तरी अंगणातले हळदीचे फोटो दिसले, मधोमध समीक्षा, पिवळी आणि खूश. उन्नतीनं लिहिलं, "अगं सांगायचं तरी." त्यालाही उत्तर आलं नाही.

कॉलेज संपल्यावर दोन वर्षं घरात बसून मिळालेलं हे पहिलं काम. उन्नतीनं पीयूषला काहीच सांगितलं नाही. मेसेजमध्ये ती "आम्ही" लिहीत राहिली. आम्ही नहरापर्यंत गेलो. आम्हाला कुत्री दिसली नाहीत.

आईलाही तेच सांगितलं. स्टील प्लांटच्या टाउनशिपमधल्या सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आता दोघीच होत्या, ती आणि सिंधुताई. बाबा, केवलराम, प्लांटमधून रिटायर व्हायच्या आधीच गेले. मोठा भाऊ मोहित रायपूरला, त्याचा फोन लागला तर लागला. उन्नती घरी येईस्तोवर सिंधुताई दाराला कडी लावत नसत. पोरगी दारात उभी राहून वाजवत बसायला नको, गुडघे धरून उठायला वेळ लागतो, म्हणून दार नुसतं लोटलेलं.

"तुझी ते समीक्षा एवढी रोजची सोबतीन," त्या म्हणायच्या, "तिले एकदा घरी तं आन. मी पाहिली बी नाई तिले."

"आणीन न आई."

"आणीन आणीन करते. पाहिली असन तरी मले कुठं कळन. तुमी पोट्ट्या तोंडं बांधून फिरता, कोन कोनाची हाय हेच समजत नाई."

बाहेर कोणी विचारलं, तू एकटीच का, तर काय म्हणायचं हेही सिंधुताईंनीच शिकवलं होतं, ती शाळेत सायकलनं जायला लागली तेव्हापासून. कधी हो म्हणायचं नाही. म्हणायचं, मागून भाऊ येतोय. मागून मैत्रीण येतेय. असं म्हटलं की माणूस मागं बघतो, आणि तेवढ्यात आपण निघून जायचं.

समीक्षा गेल्यानंतरच्या पहिल्या दिवशी बागेच्या फाटकाशी बसलेल्या म्हातारीनं विचारलं. मथुरा तिचं नाव. पाखरं हाकायला ठेवलेली. मांडीवर पत्र्याचा डबा, हातात काठी.

"अकेल्ला हस का, नोनी?"

टाउनशिपमधल्या मराठी घरांत छत्तीसगढी कानावरून जाते, तोंडात येत नाही. पण एवढं उन्नतीला समजलं, एकटीच आहेस का, पोरी. रस्ता सुनसान, म्हातारी अनोळखी, बागेत कोण कोण असेल कोणास ठाऊक. भाजीवाल्यांकडून ऐकलेले शब्द जुळवत ती म्हणाली,

"नहीं दाई. संगवारी पीछू आवत हे."

नाही माय, मैत्रीण मागून येतेय.

मथुरेनं तिच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे पाहिलं. पाहत राहिली. मग मान डोलावून म्हणाली, "हव."

३

भाऱ्यावाल्या बाईनंतर उन्नती लक्ष ठेवू लागली, आणि लक्ष ठेवलं की काहीही दिसू लागतं हेही तिला माहीत होतं.

खाणीच्या वळणापाशी एक मेंढपाळ कळप अडवून उभा राहिला. ती पुढं गेल्यावरही त्यानं काठी आडवीच धरली होती. जरा वेळानं त्यानं ती उचलली आणि मेंढरं रस्त्यावर सांडली. एका ओसरीवर बसलेल्या पोरी तिला बघून हात हलवायच्या, मग खुदकन हसून पुन्हा एकदा हलवायच्या. पोरीच त्या, दहादा हलवतील.

बागेत माणसं कमी असायची. काढणी सुरू व्हायची होती. वेलींच्या ओळींवर पांढरी जाळी टाकलेली, आतले घड काळे-जांभळे, आणि वाऱ्यानं जाळी सरसरली की कोणी मोठी चादर झटकल्यासारखा आवाज सगळ्या बागेतून फिरत यायचा. मग मथुरेचा डबा ठणठणायचा. पोपट उडायचे. त्यानंतरची शांतता इतकी पूर्ण की उन्नतीला डोळे मिटायची हिंमत होत नसे, आणि काम तर तेच होतं. डोळे मिटून ऐकायचं.

तिथंच तिला ती टिकटिक पहिल्यांदा ऐकू आली.

सायकल चालवणाऱ्याला हा आवाज माहीत असतो. पायडल मारणं थांबवून सायकल नुसती घरंगळू दिली की मागचं फ्रीव्हील बोलतं, टिक्‌टिक्‌टिक्‌टिक्. पाय मारायला लागलं की गप्प. उन्नती दोन ओळींमधून जात होती. चढ होता, ती जोर लावून पाय मारत होती. आणि टिकटिक चालू होती.

तिनं पाय थांबवले. आता तिच्या सायकलीची टिकटिक सुरू झाली, आणि दोन आवाज एकमेकांत मिसळून गेले. तिनं ब्रेक दाबला. सगळंच थांबलं. आरशात ओळ सरळ मागं गेलेली, शेवटी उजेडाचा एक चौकोन.

प्रतिध्वनी असेल. जाळीखाली आवाज कसे फिरतात कोण जाणे. कुठंतरी ठिबकचा पंप असेल. तिनं पीयूषला लिहिलं, "बागेतला रस्ता उत्तम. एकही गाडी नाही." थोडं थांबून लिहिलं, "आम्हाला आवडला." त्याचा अंगठा आला.

परतताना मथुरेनं फाटक उघडलं. उन्नती बाहेर पडली. मागं फाटक लागल्याचा आवाज येईना म्हणून तिनं आरशात पाहिलं. म्हातारी फाटक हातानं धरून उभी होती, दुकानात मागून येणाऱ्यासाठी दार धरतात तशी. मग तिनं ते लावलं आणि ओरडून म्हणाली,

"तुमन रोज आथव, बने लागथे."

तुम्ही रोज येता, बरं वाटतं. उन्नतीला एवढं ऐकून अचानक डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांत घराबाहेरच्या कोणी तिला बरं वाटतं असं म्हटलं नव्हतं. आणि कोण कुठली म्हातारी, आपल्या नातीच्या वयाच्या पोरीला "तुम्ही" म्हणते. पहिल्या दिवशी अकेल्ला हस का, असं अरेतुरेत विचारलं होतं, आता मान देऊन बोलते. ओळख झाली की माणूस बोलायला लागतं.

सबंध रस्ता ती त्या मानानं जरा ताठ बसली होती.

४

"तुमन म्हनली?" सिंधुताईंनी भाकरी परतली. "मंग बरोबरच हाय न."

"मान देऊन बोलते गं ती. एवढीशी म्हातारी, मले तुमी म्हणून राहिली."

सिंधुताई हसल्या. त्यांचं सगळं आयुष्य बाजारात छत्तीसगढी बायांशी भाव करण्यात गेलं होतं. "मान कायचा बापा. आपल्यातलं तुमी वेगळं. यायच्यात एकट्याले तैं म्हनते. तुमन म्हनलं म्हंजे जास्त मानसं. दोघी, तिघी." त्यांनी भाकरी तव्यावरून काढून ताटात टाकली. "दोघी असता न तुमी, म्हनून म्हनलं तिनं. त्यात एवढं काय."

उन्नती ताटाकडे बघत राहिली.

"खाऊन घे, गार होऊन राहिली. काय झालं वो?"

"काही नाही."

"झगडली काय समीक्षाशी?"

"नाही आई."

"मंग तिले आनत कावून नाई? माह्या हातचा चहा पेत नाई काय ते?" त्या आता थट्टेत आल्या होत्या. "इतवारी लोकं येनार तुमचे. त्याच्या आंधी एक दिवस आन. मी काई लाडूगिडू बनवत नाई, घाबरू नको म्हना. नुसता चहा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सिंधुताई रागावल्या असत्या, रडल्या असत्या, उद्यापासून बाहेर जायचं नाही म्हणाल्या असत्या. पण पुढं काय बोलायचं, हे उन्नतीला जुळवता येईना. की समीक्षा कधीचीच नाहीये आई. की मी एकटीच जाते. मग ती म्हातारी कोणाला मोजते, हे आईनं विचारलं असतं, आणि त्या स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीखाली, तो प्रश्न मोठ्यानं विचारला गेला असता.

झोपताना तिला वाटलं, म्हातारीला कमी दिसत असेल. आपणच सांगितलं संगवारी येतेय, तिनं धरून ठेवलं. म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं. पण मेंढपाळ म्हातारा नव्हता. आणि ओसरीवरच्या पोरींना तर तिनं काहीच सांगितलं नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र तिचं मन अडून बसलं. खोटं आपण बोललो, तर ते आपण परतही घेऊ शकतो. जिथं बोललो तिथं जाऊन.

५

शनिवारी ती निघाली तेव्हा सिंधुताई दारात उभ्या होत्या. "पोचली का फोन कर," त्या म्हणाल्या. "मी इथंच फ्रीजवर ठिवतो फोन. झोप लागली तं दहादा वाजवजो." दार त्यांनी नुसतं लोटून घेतलं.

ऊन स्वच्छ होतं. अशा उजेडात कशाचीही भीती वाटणं म्हणजे मूर्खपणा, असा उजेड. खाणीकडच्या रस्त्यावर डंपर धूळ उडवत होते आणि आज उन्नतीला ते आवडले. डंपरचा ड्रायव्हर हॉर्न मारतो तो एकाच सायकलीला मारतो. नहराकडे वळल्यावर तो आवाज मागं पडला आणि तिची सायकल तिला ऐकू येऊ लागली. साखळी, मडगार्ड, स्वतःचा श्वास. पाय मारताना टिकटिक नव्हती. तिनं मुद्दाम ऐकलं. नव्हती. आरसाही रिकामा. वळणामागून वळण गेलं आणि तिचे खांदे सैल होत गेले.

मथुरा फाटकाशीच होती. उन्नती सायकलवरून उतरली, स्कार्फ सोडला, तोंड पूर्ण उघडं केलं. चेहरा दिसू दे म्हातारीला. एकच चेहरा आहे, बघू दे.

"दाई," ती हिंदीतच म्हणाली, कारण आज चूक परवडणार नव्हती, "मैं अकेली हूँ. मेरे साथ कोई नहीं है. उस दिन मैंने झूठ बोला था. कोई संगवारी नहीं है."

मथुरेनं तिच्याकडे नीट पाहिलं. आजपर्यंत ती नेहमी उन्नतीकडे आणि मग तिच्या मागं पाहायची. आज फक्त उन्नतीकडे.

"हव," ती म्हणाली. "तैं अकेल्ला हस."

तैं. उन्नतीनं सोडलेला श्वास तिच्या स्वतःच्याच कानाला मोठा वाटला. हसूच आलं तिला. सैल, रडवं हसू. एवढंच होतं तर. एक शब्द परत घ्यायचा, की सगळं जागच्या जागी. तिला म्हातारीचे हात धरावेसे वाटले.

मथुरेनं डबा एकदा वाजवला. पोपट उडाले. मग सहज, पाखरांकडेच बघत म्हणाली,

"तोर संगवारी त आगू निकलगे."

उन्नतीला प्रत्येक शब्द समजला. तुझी मैत्रीण तर पुढं निघून गेली.

"कहाँ?"

म्हातारीनं काठीनं रस्ता दाखवला. जिकडून उन्नती आली होती तिकडे. नहर, खाणी, नंदिनी रोड, भिलाई.

"घर," ती म्हणाली. "कहिस, तैं पाछू आवत हस."

ती म्हणाली, तू मागून येतेयस.

६

परतताना उन्नतीनं पायडलवर सगळं अंग टाकलं. आता मागं बघायची गरज नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिला मागं काय आहे याची भीती वाटत नव्हती.

हे शक्य नाही, ती स्वतःशी बोलत होती. म्हातारीला घर काय माहीत. घर म्हणजे कोणाचंही घर. येताना समोरून कोणी गेलं असतं तर मला दिसलं असतं, रस्ता एका बैलगाडीपुरता आहे. दिसलं असतं न. दिसायलाच पाहिजे.

नहराचं मोठं वळण आलं, आणि वळणाच्या पलीकडच्या टोकाला, वेलींची जाळी संपते तिथं, एक सायकल वळून दिसेनाशी होत होती. क्षणभरच. मागचं चाक, मडगार्ड, ताठ बसलेली पाठ, गाठ मारलेल्या निळ्या स्कार्फाची दोन टोकं. हँडलला उजवीकडे वाटोळा आरसा. त्या आरशात ऊन चमकलं आणि मग ऊन बाजूला होऊन तिथं दोन डोळे आले. ते रस्त्याकडे बघत नव्हते. मागून काय येतंय ते कळल्याशिवाय पुढं बघता येत नसल्यासारखे ते उन्नतीकडे बघत होते.

मग जाळी हलली, आणि वळणावर कोणीच नव्हतं.

ती वळणापर्यंत पोचली तेव्हा समोर भाऱ्यावाली बाई होती. कुंपणाला टेकून उभी होती, आत्ताच कोणालातरी वाट दिल्यासारखी, आणि आता पाठ सोडवून रस्त्याच्या मधोमध येत होती. उन्नतीनं घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. बाई सरळ चालत आली. तिची नजर उन्नतीच्या अंगावरून अशी गेली जशी कुंपणाच्या तारांवरून जाते. शेवटच्या क्षणी उन्नतीनं हँडल वळवलं, चाक मुरमात घसरलं, ती तारांवर आदळली. कोपराला काटा लागून बाही फाटली. भारा तिच्या कानाशी सरसरत गेला. बाईनं मागं वळून पाहिलं नाही. एवढ्या जोरात कोणी पडलं तर शत्रूही वळून बघतो.

"ओ बाई," उन्नतीनं हाक मारली. "ओ दाई."

बाई चालत राहिली.

तिथंच, पडलेल्या सायकलीशेजारी बसून तिनं फोन काढला. घरचा नंबर दोनदा चुकला. मग लागला. वाजत राहिला. तिच्या डोळ्यांसमोर फ्रीज आला, फ्रीजवर थरथरणारा फोन, दिवाणावर कुशीला वळून झोपलेली आई. आणि नुसतं लोटलेलं दार.

उचल आई. उचल न.

रिंग संपली.

तिनं मोहितला लावला. वाजला, वाजला, कटला. पीयूषचा बिझी. समीक्षाला लावला, आणि कधी नव्हे ते वाटलं की तिनं उचलावं आणि गोंदियाच्या अंगणातून खळखळून हसावं, मी इथंच आहे गं येडे, असं म्हणावं. तो वाजत राहिला. सगळीकडे फोन वाजत होते आणि कुठंच कोणी नव्हतं, आणि या एवढ्या उजेडात ती एकटी बसली होती. शांत आणि सुरक्षित. किती वेळा लिहिलं होतं तिनं हे.

तिनं हिशेब करून पाहिला. इथून सेक्टर दोन, कितीही जोरात पाय मारले तरी तास-दीड तास. आत्ता वळणावर दिसली ती अजून खाणीपर्यंतही पोचली नसेल. वेळ आहे. आई उठेल, फोन घेईल, मी सांगेन कडी लाव. एवढंच सांगायचंय, कडी लाव, कोणीही आलं, काहीही म्हणालं, मी आले म्हणालं तरी उघडू नकोस. मी फोनवर बोलेन तेव्हाच उघड. वेळ आहे.

तिनं पुन्हा घरचा नंबर लावला.

वाजला. पुन्हा वाजला. नहरात काहीतरी डुबुक्‌ वाजलं आणि ती दचकलीसुद्धा नाही.

मग पलीकडे फोन उचलल्याची खरखर, कपबशीचा किणकिणाट, आणि आईचा आवाज, झोप झालेला, खुशीतला, इतक्या दिवसांत तिनं ऐकला नव्हता इतका खुशीतला.

"हां, बोल वो. पोचून राहिली न? कवाची वाट पाहून राहिलो आमी. आनलीच शेवटी तुवा समीक्षाले, पण आपन मांगं राहून तिले पुढं धाडते काय कोनी? चहा ठिवला तिच्यासमोर, तं पेऊनच नाई राहिली. स्कार्फ तरी सोड म्हनलं बाई, घरातच हाय आता, तं म्हने, उन्नती मांगून येऊन राहिली, ते आली का सोडीन."